सरावाची दुपार

“छान केलंत तुम्ही. मला तर अगदी खरं वाटलं,” असं तो त्या बाईंना म्हणाला आणि म्हणताना वर हसलासुद्धा. मनापासून हसला. आपण कुणाला वाट विचारावी आणि त्यानं एकदम गाणं म्हणायला लागावं, तसं बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग स्वेटरचं मधलं बटण लावलं. बाकीची बटणं निळी होती, हे एकटंच तपकिरी. मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी जवळ ओढून त्यांनी विचारलं, “झालं का?” “झालं,” तो म्हणाला. त्याला वाटलं, भूमिकेतून बाहेर यायला नटांना जरा वेळ लागत असेल, लगेच गप्पा मारत बसणं बरं नाही. म्हणून तो उठला, मान लववली आणि दारही आवाज न करता ओढून घेतलं. त्या दार जपून ओढण्याचीच पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

पण ते पुढे. त्या वेळी दवाखान्याच्या जुन्या इमारतीच्या लांबलचक बोळातून चालताना तो स्वतःवर भलताच खूश होता. आरोग्य मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचं शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर आलेली, आणि आज पहिल्यांदाच बोलताना त्याची जीभ अडखळली नव्हती. मधुमेह झालेला माणूस गोड का सोडत नाही, हृदयाचं ऑपरेशन होऊन ठणठणीत झालेला माणूस जिन्यापाशी येऊन का थबकतो, शरीराच्या आजारपणात मनाचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं, हे शोधायचं त्याचं शिक्षण. नातेवाइकांना ते कधी कळलं नाही. चार माणसं जमली की कुणीतरी त्याला कोपऱ्यात घेऊन पाठीवरचा चट्टा दाखवायचं, आणि मी तो डॉक्टर नाही म्हटलं की शर्ट खाली करत विचारायचं, “मग वेड्यांचा का?” वडील त्याला अर्धा डॉक्टर म्हणत. ते आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते, आणि त्यांच्या मते बंद पडलेल्या यंत्राला तुला कसं वाटतंय असं विचारत बसण्यात अर्थ नसतो, आत उतरून हात काळे करावे लागतात. त्यावर तो हसायचा. हसण्यावारी नेण्याची कला हा त्या घराचा एकमेव वारसा होता.

परीक्षेच्या आधी मॅडम सराव ठेवत. मॅडम म्हणजे त्याला शिकवणाऱ्या, त्याच्या प्रत्येक मुलाखतीचं नंतर पीस पीस करून दाखवणाऱ्या, पण माणूस म्हणून सरळ. त्या एका नाटकमंडळीतली माणसं बोलावून घेत, प्रत्येकाला एक आजार, एक संसार आणि एक अडचण वाटून देत आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवत. शिकणाऱ्यांच्या हातात फक्त एक छोटं कार्ड. आजच्या त्याच्या कार्डावर होतं: पन्नाशीच्या बाई, नवरा बराच आजारी, त्यापायी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात, सुरुवातीला कमी बोलतील. खोली नंबर चार. कार्डावर बाईंचं नावही होतं, आणि पेशंटला नावानं हाक मारा असा मॅडमचा धोशा असायचा. ऐन वेळी तो ते विसरला आणि सरळ काकू म्हणून मोकळा झाला. एवढीच काय ती चूक, असं मनाशी म्हणत तो काचेच्या पुलावरून नव्या इमारतीत आला. मॅडम तिथे बसल्या होत्या. त्यांच्याकडे जाताना वाटेत एक उघडं दार लागलं. दारावर चार हा आकडा होता. आत एक गोऱ्या गुबगुबीत बाई चष्मा कपाळावर सरकवून सफरचंद खात होत्या. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून त्या म्हणाल्या, “अहो, कुणी येणार आहे का माझ्याकडे, की मी जाऊ घरी? केव्हाची रडायच्या तयारीत बसलेय मी!”

गेल्या वेळचा सराव जुन्या इमारतीत झाला होता. यंदा तो नव्या इमारतीत आहे हे मॅडमनी सकाळी सांगितलं होतं आणि त्यानं मानही हलवली होती. पण पाय सवयीनं जुन्या वाटेला गेले. तिथेही चार नंबरची खोली होती, आणि तिथेही एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या.

नाटकवाल्या बाई काहीतरी विचारत होत्या, हातातलं सफरचंद हलत होतं, पण त्याला ऐकू येत होता तो फक्त स्वतःचा आवाज, मऊ, समजूतदार, खालच्या पट्टीत लावलेला. “आज कशाबद्दल बोलावंसं वाटतंय, काकू?” असं त्यानं विचारलं होतं. आणि बाई लगेच म्हणाल्या होत्या, “ते कसे आहेत?” त्यावर तो काय म्हणाला? तो म्हणाला, “त्यांची काळजी तुम्हाला एक क्षण सोडत नाहीये.” याला त्यांच्या वर्गात आरसा धरणं म्हणत. पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की पेशंट प्रश्न विचारतो तेव्हा त्याला उत्तर नको असतं, त्या प्रश्नाच्या मागं जे आहे ते कुणीतरी ऐकावं असं वाटत असतं. उत्तर देऊ नका, आरसा धरा. सगळ्यांनी ते वाक्य अधोरेखित करून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, “काळजी तर आहेच हो. पण आहेत ना ते?” आणि तो, जराही न गडबडता, किंचित पुढे झुकून, “काहीच नक्की माहीत नसणं फार जड जातंय तुम्हाला.” बाईंनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं होतं. मग हळूच म्हणाल्या, “हो. जड जातंय.”

आणि मग त्या बोलत सुटल्या होत्या. त्याला वाटलं होतं, आपल्या आरशाची ही करामत. आता पुलावरून उलटा पळताना त्याला स्वच्छ कळत होतं, की कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस विचारेल ते आधी निमूट सांगून टाकावं, त्याशिवाय आपलं काम होत नाही, हे ओळखून त्या बोलल्या होत्या. विचारेल ते सगळं सांगून झालं, की हा गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा आपला नवरा कसा आहे ते सांगेल. म्हणून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांचंही सांगितलं. (हो, बंद केल्यात. त्यांच्याच वेळा सांभाळता सांभाळता माझ्या राहून जायच्या, मग राहिल्याच. कार्डाशी किती तंतोतंत जुळलं होतं ते! जगातल्या कुठल्या दवाखान्यात अशी बाई सापडणार नाही?) पिशवीतले बूटही त्यांनी दाखवले. “आत घेतलं तेव्हा हे काढून माझ्या हातात दिले. घरी नेऊ की इथंच ठेवू, कुणी धड सांगत नाही.” काळे बूट, टोकाला खरवडलेले, नाडीला दुहेरी गाठ. तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, वस्तू काय नेमकी निवडलीय, हे नाटकवाले म्हणजे खरंच कमाल. बाई बूट आत ठेवत म्हणाल्या, “ते गेले तर मी मागं राहायची नाही. घरी जाईन, दार लावून घेईन.” आणि त्याचे कान टवकारले, कारण इथे एक प्रश्न विचारायचाच असतो, आडवळण न घेता विचारायचा असतो, आणि वर्गात अर्ध्यांची तिथेच दातखीळ बसते. त्यानं तो विचारला. “म्हणजे काकू, तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?” आवाज कापला नाही, नजर खाली गेली नाही. “कधीचा,” बाई म्हणाल्या. त्याला आतून आनंद झाला. हो, आनंदच, दुसरा शब्द नाही. पुढचा प्रश्न त्याच्या ओठांवर तयारच होता: “आणि या सगळ्यात तुम्हाला बळ कशातून मिळतं?”

जुन्या इमारतीतली खोली रिकामी होती. टेबलावर पाण्याचा ग्लास, अर्धा प्यालेला. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवून ठेवलेली. दुसऱ्याच्या घरून निघताना बाया ठेवतात तशी. त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो उभा राहिला, आणि क्षणभर त्याला असं वाटलं की आपण मरेपर्यंत इथेच उभे राहणार आहोत.

मॅडमना सांगताना तो सगळं नीट ओळीनं सांगू शकला, याचंही त्याला नंतर नवल वाटलं. मॅडम ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. “थेट विचारलंस?” “हो.” “काय म्हणाल्या?” “कधीचा विचार आहे म्हणाल्या.” “मग तू?” “मी पुढचा प्रश्न विचारला.” मॅडमनी डोळे मिटले आणि लगेच उघडून फोन उचलला. मग अतिदक्षता विभागातल्या सिस्टर, गेटवरचे पहारेकरी, पुन्हा सिस्टर. हळूहळू जे जुळत गेलं ते असं, की बाईंचे यजमान सकाळीच गेले होते. वॉर्डाबाहेर गर्दी, म्हणून सिस्टरनीच बाईंना काही न सांगता जुन्या इमारतीतल्या निवांत खोलीत नेऊन बसवलं होतं. डॉक्टर येऊन बोलतील, इतकंच सांगून. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले. ते मोकळे होऊन खाली आले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. मूलबाळ नाही. संपर्कासाठी दिलेला एकच नंबर, तो लावला तर वॉर्डातल्या कपाटात वाजायला लागला, यजमानांच्याच पँटच्या खिशात. सिस्टर म्हणाल्या, तो वाजताना ऐकून माझ्या अंगावर काटा आला. घराच्या पत्त्यावर माणूस पाठवायचं ठरलं. “तूही बाहेर बघ,” मॅडम म्हणाल्या. “तुला चेहरा माहीत आहे. दिसल्या तर फक्त परत घेऊन ये. बातमी तू सांगायची नाहीस, ते डॉक्टरांचं काम आहे, तुला परवानगीच नाही. कळलं ना?” त्यानं मान हलवली. सकाळीही हलवली होती.

तो गेटकडे धावत असताना त्याच्या डोक्यात वडील होते. हे काही वडील आठवायची वेळ नव्हती, पण मनाला कुठे वेळ कळते. तो शाळेत होता, चौथीत की पाचवीत, आणि आई अशाच एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर होती. मुलांना वर सोडत नसत. तो खाली बाकावर बसलेला, एक बूट चावत होता म्हणून दोन्ही काढून ठेवलेले. वडील जिन्यानं खाली आले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण दवाखान्यातली लिफ्ट आजाऱ्यांसाठी असते म्हणून कधी चढला नाही. त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “आई नाही आता. बूट घाल.” बस्स. एवढंच. मग त्यांनी स्वतःच त्याच्या पायांत बूट घातले, नाड्या ओढून बांधल्या, इतक्या घट्ट की पाऊल दुखलं. त्यांच्या हातांना ग्रीसचा वास येत होता आणि त्यांनी मान वर केली नाही. ते ‘नाही’ त्याच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं. मोठा होत गेला तसा त्याला रागच येत गेला. एवढी मोठी गोष्ट, आणि सांगायची ती अशी? थोडं जवळ घ्यावं, थोडं थांबावं, मुलाला काय वाटतंय ते विचारावं? दगडच तो माणूस. पुस्तकं, वर्ग, आरसे, ती खालच्या पट्टीतली मऊ भाषा, सगळं तो शिकला ते खरं तर त्या एका शब्दाविरुद्ध. आपण असं कधी बोलणार नाही, म्हणून. आणि आज त्यानं ती मऊ भाषा बोलून दाखवली होती. बाई विचारत होत्या, आहेत ना, आहेत ना, आणि तो त्यांना त्यांचंच तोंड दाखवत होता. वडिलांनी त्याला एक मिनिटसुद्धा ताटकळत ठेवलं नव्हतं. वरून निघाले ते सरळ त्याच्यापाशी आले, आणि सांगितलं. त्याला भर रस्त्यात रडू यायला लागलं, आणि स्वतःच्या त्या रडण्याचाही राग आला, कारण शोधायचं बाईंना होतं.

मागच्या गेटबाहेर बसथांबा होता. तिथल्या पत्र्याच्या बाकावर बाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, बटणं सगळी लावलेली. त्याला बघून जरा सरकल्या.

“तुम्ही होय? राहिलं का काही विचारायचं?”

“नाही काकू. माझी चूक झालीय. फार मोठी.” त्याला धाप लागली होती. “आमचा सराव होता आज. पेशंटची नाटकं करणारी माणसं येतात, त्यांच्याशी बोलायचं असतं आम्ही. मी चुकून तुमच्या खोलीत आलो. मला वाटलं, तुम्ही त्यातल्याच.”

बाईंनी ते सावकाश डोक्यात उतरवून घेतलं. “म्हणजे तुम्ही डॉक्टर नाही.”

“नाही.”

“आणि ते सगळं विचारलंत ते?”

“सराव, काकू.”

“अगं बाई!” त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा बघता बघता सैल झाला. दिवसभर ओझं वाहून आणलेल्या माणसानं ते खाली टेकवावं, तसा. “मी म्हटलं, हा मुलगा इतका गोड का बोलतोय माझ्याशी? इथं एरवी कुणाला बघायला वेळ नाही. म्हटलं, नक्कीच काहीतरी झालंय. मग नकोच म्हटलं ऐकायला, आणि उठून आले. नुसती वेडी मी. म्हणजे ठीक आहेत ते.”

“परत चला आत, काकू. डॉक्टर भेटतील.”

“आता नको, बस येईल माझी. ठीक आहेत ना पण?”

त्याच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते ठीक असावेत असं तुम्हाला फार मनापासून वाटतंय. जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, गुळगुळीत. ते त्यानं गिळलं. मॅडमनी घातलेली बंदी आठवली, परीक्षा आठवली, आणि ती आठवल्याची शरम वाटली.

“नाहीत, काकू,” तो म्हणाला. “सकाळीच गेले ते.”

बाईंच्या चेहऱ्यावरचं ते सैल हसू तसंच राहिलं. त्यांनी मान कलती करून त्याला न्याहाळलं, घामेजलेलं कपाळ, ओले डोळे.

“हे पण सरावाचंच का?”

“नाही. खरं आहे हे. शपथ.”

“छान करता हो,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. “अगदी खरं वाटतं.”

बस आली. बाई उठल्या. तो हात जोडत होता, थांबा म्हणत होता, डॉक्टरांना विचारा, सिस्टरना विचारा, एकदा आत चला. रांगेतली माणसं त्याच्याकडे, एखादा पोरगा म्हाताऱ्या आईशी भांडतोय अशा नजरेनं बघायला लागली. “उद्या येते ना,” बाई त्यालाच समजावत म्हणाल्या, “उद्या डॉक्टरच सांगतील काय ते. जा तुम्ही, अभ्यास करा.” आणि दांडा धरून वर चढल्या. दार मिटायच्या आत तोही चढला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. खाली एकटं उरणं त्याला सहन झालं नसतं, एवढंच.

बाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. तो बसला. खिशात फोन थरथरला, मॅडम होत्या. “सापडल्या. बसमध्ये आहे त्यांच्याबरोबर,” तो म्हणाला. मॅडम म्हणत होत्या, उतरव त्यांना, काही बोलू नकोस, घराकडे पाठवलेला माणूस पोचतोच आहे, आणि तो हो हो म्हणत राहिला. मग फोन ठेवला. बस दवाखान्याच्या भिंतीकडेनं वळली. बाई खिडकीतून बघत होत्या. दुकानांची शटरं, फळांची गाडी, शाळेतून सुटलेली पोरं. त्याला जन्मात इतकं एकटं वाटलं नव्हतं. सहा वर्षं शिकून शेजारच्या माणसाला द्यायला त्याच्यापाशी काही म्हणजे काही नव्हतं.

“तुमचं घर याच बाजूला का?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग इकडे कुणाकडे?”

“कुणाकडेच नाही.”

बाईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. एक थांबा आला, गेला. आणखी एक आला. तो उतरला नाही. पुढच्या थांब्यालाही उतरला नाही तेव्हा बाईंचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला, जिना चढून आल्यासारखा. सराव करणारा मुलगा सराव झाला की आपल्या घरी जातो. हा जात नव्हता.

“मग खरंच आहे,” त्या म्हणाल्या.

तो हो म्हणाला की नुसती मान हलवली, ते त्याला कळलं नाही. बाई रडल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी एक बूट काढला, मांडीवर ठेवला आणि नाडीची गाठ सोडवायला लागल्या. गाठ सुटेना. “पक्की बांधायचे,” त्या म्हणाल्या. “रोज माझ्याकडून सोडवून घ्यायचे.” समोरच्या सीटवरची बाई मागे वळून बघून पुन्हा पुढे बघायला लागली.

“काकू,” तो म्हणाला. सल्ला द्यायचा नाही, कधीच द्यायचा नाही, हा त्यांच्या शिक्षणातला पहिला नियम होता. “घरी गेल्यावर दार लावून घेऊ नका.”

“उघडं ठेवलं तर येणार कोण आहे?” बाईंनी विचारलं.

तो नुसता प्रश्न होता. त्याच्या मागं काहीही नव्हतं, ऐकण्यासारखं, आरसा धरण्यासारखं. पिशवी दोघांच्या मधे होती. त्यानं त्यातून दुसरा बूट काढला आणि त्याची गाठ सोडवायला लागला.